एक डोळा की दोन्ही?

माशाला पापणी नसते. तो डोळा मिटू शकत नाही, चोळू शकत नाही आणि त्याला अश्रूही येत नाहीत. आपल्या डोळ्यात कण गेला तर पापणी लवते, पाणी येते आणि कण वाहून जातो. माशाच्या बाबतीत पापणीचे आणि अश्रूंचे काम भोवतालच्या पाण्यालाच करावे लागते. त्याच्या डोळ्याचे पारपटल अहोरात्र त्या पाण्याला भिडलेले असते. म्हणूनच पाण्यात काही बिघडले तर त्याची पहिली वार्ता पुष्कळदा डोळ्याकडून कळते. आणि म्हणूनच डोळ्यावर आलेली पांढरी झाक पाहून थेट डोळ्याचे औषध शोधू लागणे बरे नव्हे.

आमच्या सोलापूरच्या कापड दुकानामागील बैठकीत सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी आहे. ती माझ्या पुतण्याची हौस. आठ वर्षांपूर्वी तो शिक्षणासाठी जर्मनीला गेला, आणि टाकीतील समुद्रजीवांचा प्रपंच माझ्या वाट्याला आला. सोलापूर आणि समुद्र यांचा संबंध तो काय? पण आर.ओ.च्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास सागरी क्षार मिसळले म्हणजे येथेही समुद्राचे पाणी तयार होते. ते तयार करणे सोपे आहे. ते तसेच राखणे हे खरे काम.

दुकानात येणारे सज्जन कळवळून म्हणतात, “कशाला बंदिवासात ठेवता? सोडून द्या एखाद्या तळ्यात, पुण्य लागेल.” भावना निर्मळ आहे, परंतु खाऱ्या पाण्यातील मासा तळ्यात सोडणे म्हणजे काही तासांतच त्याचा अंत करणे होय. समुद्रातील मासा सतत पाणी पीत असतो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकीत असतो. त्याच्या शरीराची सारी घडणच खारेपणाशी झुंजण्यासाठी झालेली असते. गोड्या पाण्यात हीच व्यवस्था उलटी पडते. बरे, पाळलेला मासा समुद्रात नेऊन सोडावा, तर त्याच्याबरोबर टाकीतील रोगही जातात. शिवाय परक्या समुद्रात सोडलेला मासा तेथील जीवसृष्टीवर कसा कहर करतो याचे उदाहरण जगासमोर आहे. हिंद व प्रशांत महासागरांतील लायनफिश १९८५ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला, आणि आज पश्चिम अटलांटिक व कॅरिबियन समुद्रात त्याने स्थानिक माशांना जेरीस आणले आहे. तेव्हा जो जीव आपल्या दारी आला, त्याला अखेरपर्यंत नीट सांभाळणे एवढाच मार्ग उरतो. माझ्यापुरते मी हे असे मानले आहे. नवा छंद म्हणून कोणी ही टाकी घ्यावी असे मी सुचवीत नाही. पण ज्यांच्या घरी वा पेढीवर ती आहेच, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मासा आजारी पडला की कण्हत नाही. त्याचे बोलणे पाहण्यातूनच ऐकावे लागते. डोळ्याच्या तक्रारीत पहिला प्रश्न एकच विचारावा : एक डोळा की दोन्ही? झाक किंवा सूज एकाच डोळ्याला असेल, तर बहुधा मार लागलेला असतो. खडकावर आपटणे, दुसऱ्या माशाचा दंश, पकडताना जाळीने खरचटणे, ही त्याची नेहमीची कारणे. दोन्ही डोळे एकाच वेळी बिघडले, तर दोन्ही बाजूंना सारखाच मार लागण्याचा योग विरळा. मग कारण पाण्यात, आहारात, परजीवींत किंवा शरीरभर पसरलेल्या संसर्गात शोधावे. हा नियम अपवादरहित नाही, पण पहिले पाऊल कोठे टाकावे हे तो नेमके सांगतो.

दुसरा प्रश्न असा की, झाक डोळ्याच्या पृष्ठभागावर आहे की आत? संध्याकाळी बैठकीतील दिवे मंद करावेत आणि लहान विजेरीचा प्रकाश समोरून न टाकता बाजूने टाकावा. पारपटलावरची झाक वरच्या वर, काचेवर श्वास सोडल्यासारखी दिसते. मोतीबिंदू असेल तर वरचा पडदा स्वच्छ राहतो आणि पांढरेपणा बाहुलीच्या आत, भिंगात असतो. तिसरा प्रश्न डोळा फुगला आहे का, हा. त्यासाठी माशाला वरून पाहावे. डोळ्यामागे द्रव किंवा वायू साठला म्हणजे डोळा खोबणीतून बाहेर ढकलला जातो. इंग्रजीत याला पॉपआय म्हणतात. हे रोगाचे नाव नसून लक्षणाचे नाव आहे, जसे आपल्याकडे ताप. आणि चौथा प्रश्न : डोळ्यात वा परांत काचेच्या मण्यांसारखे बारीक बुडबुडे दिसतात काय? दिसत असतील तर पंप तपासावा. नळीच्या फटीतून हवा आत ओढली जाऊन दाबाखाली पाण्यात विरघळते, पाणी वायूने अतिसंपृक्त होते आणि तोच वायू माशाच्या ऊतींत बुडबुड्यांच्या रूपाने प्रकटतो. अशा वेळी कोणतेही औषध व्यर्थ. फट बुजवावी आणि पाणी जोरात खळाळते ठेवावे, म्हणजे जादा वायू निघून जातो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गल्लीत मोठे फटाके उडाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पावडर ब्लू सर्जन माशाचा डावा डोळा धुरकट व किंचित सुजलेला दिसला. हा मासा हिंद महासागराचा रहिवासी, आकाशी अंगाचा, शेपटीच्या मुळाशी शस्त्रवैद्याच्या सुरीसारखा धारदार काटा बाळगणारा. त्यावरूनच त्याला सर्जन हे नाव पडले. उजवा डोळा स्वच्छ होता. तो खात होता, श्वास संथ होता. पाणी तपासले : अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सामू म्हणजे पी.एच. ८.२, विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६ अंश. म्हणजे एकच डोळा, पाणी निर्दोष आणि रात्री दचकून खडकावर आपटल्याचा संभव उघड. औषध काहीच दिले नाही. टाकीतील पंचमांश पाणी बदलले, दिवे दोन दिवस मंद ठेवले आणि त्याच्या आवडीचे नोरी हे वाळवलेले समुद्रशैवाल चिमट्याने काचेला लावून दिले. चौथ्या दिवशी सूज उतरली, अकराव्या दिवशी डोळा लख्ख झाला. ज्या जखमा शरीर स्वतः भरून काढते, त्यांना केवळ स्वच्छता आणि शांतता पुरते. औषध न देणे हाही उपचाराचाच एक प्रकार आहे, आणि तो पाळायला सर्वांत कठीण.

दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट. मे महिन्यात वळवाच्या वादळात झाड पडून विजेच्या तारा तुटल्या आणि आमच्या भागात जवळजवळ दोन दिवस वीज नव्हती. इन्व्हर्टरवर हवेचा पंप तेवढा चालू राहिला. पाण्याचे तापमान ३१ अंशांच्या वर गेले. वीज आल्यावर सारे हळूहळू पूर्ववत झाले, मासेही सावरलेले दिसले. त्यानंतर बाराव्या दिवशी एम्परर एंजल माशाच्या दोन्ही डोळ्यांवर झाक आली. या माशाचे बालपण गडद निळ्या अंगावर पांढऱ्या वर्तुळांचे असते आणि मोठेपणी तेच अंग पिवळ्या-निळ्या पट्ट्यांनी भरते. डोळ्यांवरून जाणारा काळा पट्टा तर जणू मुखवटाच. त्या काळ्या पट्ट्यात दोन पांढरे ठिपके मोत्यांसारखे उठून दिसू लागले.

ज्यांच्याकडून आम्ही सामान घेतो त्या विक्रेत्याला फोन केला. त्यांनी एकही प्रश्न न विचारता प्रतिजैविकाचे नाव सांगितले. आपण व्यापारी माणसे. ताळेबंदात फरक आला तर शेवटच्या आकड्याला रबर लावून तो जुळवत नाही. रोजकीर्द उघडतो, खतावणी पडताळतो आणि चूक कोणत्या नोंदीत शिरली ते शोधतो. टाकीचीही एक वही आमच्याकडे आहे. तीत रोजचे तापमान, आठवड्याचा अमोनिया, नायट्रेट व क्षारता, पाणी केव्हा बदलले, कोणता मासा केव्हा आला आणि कोणी काय खाल्ले, एवढे नोंदलेले असते. ती उघडली. वीज गेल्याचे दोन दिवस सोडले तर पाणी निर्दोष होते. परंतु मागील पाच दिवसांत दोनदा नोंद होती : “एंजल खडकाला अंग घासतो.” सूनबाईंनी ती लिहिली होती. अंग घासणे म्हणजे खाज, आणि खाज म्हणजे बहुधा परजीवी. त्यात श्वासही जलद होता.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेले आमचे एक परिचित आहेत. आपल्या महाराष्ट्रात रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर येथे मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत. अडचणीच्या वेळी तेथील शिकलेल्यांचा सल्ला घ्यावा, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसते. त्यांनी फोनवर सारे ऐकून घेतले आणि सांगितले, “काका, औषधाआधी गोड्या पाण्याचे स्नान द्या. ते तपासही आहे आणि अर्धा उपचारही.”

त्याची रीत अशी. वीस लिटरच्या स्वच्छ बादलीत आर.ओ.चे पाणी घ्यावे. तापमान टाकीइतकेच असावे. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून सामू टाकीशी जुळवावा. हवेचा दगड लावून पाणी खळाळते ठेवावे. मग मासा तीन ते पाच मिनिटे त्यात ठेवावा आणि त्याच्यावरून नजर हलवू नये. तो कलंडला किंवा निपचित पडला तर त्याच क्षणी परत टाकीत सोडावा. एंजल माशाच्या गालाशी काटा असतो, तो जाळीत अडकून जखम होते, म्हणून जाळी न वापरता त्याला प्लॅस्टिकच्या भांड्याने उचलावे. सूनबाई घड्याळ धरून उभ्या होत्या, मी भांडे सांभाळीत होतो. चौथ्या मिनिटाला त्याच्या अंगावरून तिळाएवढ्या पांढऱ्या पापुद्र्या सुटून तळाशी बसू लागल्या. ते फ्लूक नावाचे चपटे कृमी. खाऱ्या पाण्यात ते पारदर्शक असतात, डोळ्यावर बसले तरी दिसत नाहीत. गोडे पाणी त्यांच्या शरीरात शिरून त्यांना फुगवते, ते पांढरे पडतात आणि गळतात. मोठ्या माशाला त्याचे अंग आणि अंगावरचा चिकट लेप तेवढा वेळ तारून नेतो.

उष्म्याने मासा अशक्त झाला होता आणि अंगावर एरवी मोजके असलेले कृमी त्या संधीने वाढले होते. म्हणजे झाक डोळ्यावर, कर्ता परजीवी आणि मूळ निमित्त पाण्याचे तापमान, असे तीन पदर निघाले. नुसते प्रतिजैविक दिले असते तर यांतल्या एकालाही ते लागू पडले नसते. मोरचुदाचे, म्हणजे तांब्याचे औषधही येथे निरुपयोगी ठरले असते. अंगावर आणि डोळ्यावर मिठाच्या कणांसारखे ठिपके पाडणाऱ्या रोगावर ते चालते. तेही वेगळ्या टाकीत, लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे रोज मोजून, कारण थोडे कमी तर गुण नाही आणि थोडे जास्त तर मासा दगावतो. शेतीच्या दुकानातील मोरचूद अंदाजाने टाकणे हा तर घातच. फ्लूक कृमींवर प्राझिक्वांटेल हे औषध आहे. ते कृमींना मारते, पण चिकट तंतूंनी अडकून राहिलेल्या त्यांच्या अंड्यांना मारीत नाही. म्हणून अंडी फुटल्यावर, सात-आठ दिवसांनी, दुसरा डोस द्यावा लागतो. ते द्यायच्या आधी गाळणीतील कोळसा काढून ठेवावा, नाही तर तो औषधच शोषून घेतो.

मोठ्या वहिनींनी त्या दिवशी मला विचारले, “भावजी, एका माशासाठी त्या बारीक जीवांना मारायचे, हे कोणत्या खात्यात लिहिणार?” हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरी निघेल, आणि तो टाळण्याजोगा नाही. माझ्याजवळ त्यावर चतुर उत्तर नव्हते, आजही नाही. मात्र एवढे दिसते की, अथांग समुद्रात कृमींची अंडी प्रवाहाबरोबर दूर जातात आणि मासाही दूर जातो, दोघेही जगतात. काचेच्या पेटीत तीच अंडी फुटून त्याच माशावर परत येतात. हा कोंडवाडा आपण निर्माण केला, म्हणून त्यातून उद्भवणारी हिंसा आपल्याच खर्चाच्या बाजूला पडते. ती कमी करण्याचा मार्ग औषधाच्या आधी सुरू होतो. नवीन आलेला मासा निदान तीस दिवस वेगळ्या टाकीत निरखावा. टाकीत गर्दी करू नये. पाणी ठरल्या दिवशी बदलावे. अन्न वाया घालवून पाणी कुजवू नये. रोग उद्भवलाच नाही तर कोणालाच मारावे लागत नाही. वहिनी एवढेच म्हणाल्या, “मग नवा मासा आता आणूच नका.” तेव्हापासून आम्ही एकही आणलेला नाही.

उजवा डोळा तीन आठवड्यांत निवळला. डाव्या डोळ्यावर मात्र कृमींच्या जखमेतून जिवाणू शिरले, व्रण झाला आणि डोळा फुगून बाहेर आला. तेव्हा माशाला ऐंशी लिटरच्या वेगळ्या टाकीत हलवले. तेथे वीस लिटरमागे एक मोठा चमचा या प्रमाणात एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवून घातले. डोळ्यामागचा द्रव ओढून सूज उतरवण्यासाठी ते देतात. ते खाण्याचे मीठ नव्हे, हे औषध आणताना ध्यानात ठेवावे. याच वेळी, परिचितांच्या सल्ल्याने, दहा दिवस प्रतिजैविक दिले. ते मुख्य टाकीत देत नाहीत, कारण अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे उपकारक जिवाणूही त्याने मरतात आणि पाण्याची व्यवस्थाच कोसळते. समुद्राच्या पाण्याचा सामू अधिक असल्याने त्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो; तेव्हा एका माशाच्या औषधासाठी साऱ्या टाकीला जोखमीत घालू नये. घरातल्या उरलेल्या गोळ्या पाण्यात टाकण्याचा मोह तर सर्वथा वर्ज्य. फुगलेल्या डोळ्याला सुईने टोचण्याचे धाडसही घरी कोणी करू नये. ते पशुवैद्याचे काम आहे.

सूज उतरली, जीव वाचला, पण डावा डोळा गेला. तो आत बसला आणि पांढरा झाला. “आता हा कशाला ठेवता?” असे त्या वेळी एकाहून अधिक जणांनी विचारले. पण माशाला डोळ्यांखेरीज आणखी एक इंद्रिय असते. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा जाते आणि तिच्यातून पाण्यातील हालचाल त्याला जाणवते. एका डोळ्याचे मासे, इतकेच नव्हे तर आंधळे मासेही ओळखीच्या टाकीत वर्षानुवर्षे जगतात, फक्त खडकांची जागा वरचेवर बदलू नये आणि अन्न ठरल्या वेळी, ठरल्या जागी द्यावे. अधू डोळ्याच्या माशाला इतर मासे त्या बाजूने त्रास देतात, याकडेही लक्ष ठेवावे. कॅनडातील व्हँकुव्हरच्या मत्स्यालयात एकाक्ष माशांना याच कारणासाठी कृत्रिम डोळे बसवले गेले आहेत. आमच्याकडे तशी वेळ आली नाही. सर्जन माशाचा स्वभाव भांडकुदळ असल्याने आम्ही महिनाभर मध्ये जाळीचा पडदा ठेवला, मग काढला.

ज्यांच्याकडे अशी टाकी आहे त्यांनी पाच गोष्टी दुकानातच ठेवाव्यात. तापमापक, क्षारता मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर, अमोनिया व नायट्रेटच्या तपासणीचा संच, वेगळी लहान टाकी आणि एक वही. यांतील सर्वांत स्वस्त वस्तू वही आहे आणि रोगाचे निदान बहुधा तीच करते. घोडमासा आणि प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा ते कोणी विकत देऊ लागला तरी घेऊ नयेत. आहारात नोरी व स्पिरुलिना यांसारखे शैवाल ठेवावे, कारण जीवनसत्त्वांच्या उणिवेनेही डोळे मंदावतात. तयार दाण्यांत बहुधा माशांची भुकटी असते, म्हणून पुडक्यावरील घटक वाचून मगच घ्यावेत. आणि डोळ्यावर झाक दिसली की औषधाच्या कपाटाकडे जाण्याआधी दिवा मंद करून विजेरी बाजूने धरावी.

आमच्या एंजलला आता रोज सकाळी नऊ वाजता, दुकान उघडताना, उजव्या हाताच्या कोपऱ्यात शैवाल मिळते. चांगला डोळा काचेकडे करून तो तेथे आधीच येऊन थांबलेला असतो. सूनबाई वहीत लिहितात : “खाल्ले. श्वास संथ. उजवा डोळा स्वच्छ.”